स्वाराचें शिर आणि स्वाराचा पाय

शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण आपल्या समाजांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. तिच्या जोडीला पायांविषयींची एखादी म्हण शोधूं गेल्यास सांपडते ती ठेंचेची: पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा. या दोन म्हणींत मोठें अंतर आहे. पहिली अपघातापूर्वीं सावध करते. दुसरी अपघात होऊन गेल्यावर, आणि तोहि दुसऱ्याचा, शहाणपण शिकविते. डोक्यास आगाऊ जपावें आणि पायाचें मात्र ठेंच लागल्यावर पाहावें, असा जणूं आपला जुना शिरस्ता आहे. दुचाकी वाहनांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां हाच शिरस्ता कायद्यांत, बाजारांत आणि घराघरांत उतरलेला दिसतो. शिरस्त्राणासाठीं कायदे झाले, खटले झाले, विरोधाचे मोर्चेहि निघाले. पायासाठीं मात्र कोणीं ब्रहि काढला नाहीं. असें कां झालें आणि त्याची किंमत कोण देतो, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

स्वार हा शब्द आपल्याकडे घोड्याच्या पाठीवरून आला. मराठ्यांच्या फौजेंत स्वारांचे दोन वर्ग होते, हें इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. ज्यास घोडा व हत्यार सरकारी पागेंतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. हा भेद केवळ मानाचा किंवा पगाराचा नव्हता. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचें. शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरचें. ज्याचें नुकसान, त्यानेंच रक्षणाची तजवीज करावयाची, हें सूत्र या दोन शब्दांत सांठविलेलें आहे. पुढील विवेचनांत तें आपल्यास पुन्हां उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

अंगावर संरक्षक साज चढविणें म्हणजे भित्रेपणा, ही समजूत त्या काळीं नव्हती. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप घातला होता, असें बखरकार सांगतात. खानाचा वार त्या चिलखतामुळेंच अंगास लागला नाहीं, असेंहि ते सांगतात. त्या दिवसाचें शौर्य गातांना चिलखताचा उल्लेख कोणा शाहिरास कमीपणाचा वाटला नाहीं. पायांचीहि काळजी स्वारास होतीच. आज शोभेची समजली जाणारी जोड्याची उंच टांच मुळांत इराणी स्वारांची. रिकिबींतून पाय पुढें निसटूं नये व पडतांना तो तींत अडकून घोड्यामागें फरपटत जाऊं नये, एवढ्यासाठीं ती निघाली. सतराव्या शतकांत ती युरोपच्या दरबारांत पोंचली आणि तेथें तिचा शृंगार झाला. म्हणजे स्वाराचें पायताण हें पायीं चालणाऱ्याच्या पायताणाहून निराळें असावें लागतें, ही गोष्ट मनुष्यास मोटारसायकल निघण्यापूर्वीं निदान तीनशें वर्षें तरी ठाऊक होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं घोड्याच्या जागीं यंत्र आलें. वेग वाढला, पण स्वाराचा साज घोड्याच्याच काळचा राहिला. त्यांत पहिला फरक घडला तो शर्यतींच्या मैदानांत. इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथील शर्यतींत डोक्यास होणाऱ्या दुखापती पाहून डॉ. एरिक गार्डनर यांनीं कॅनव्हास व लाख यांचा एक कठीण टोप करविला, आणि १९१४ सालीं आयल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत असे टोप सक्तीचे झाले. स्पर्धकांनीं कुरकूर केली, पण टोप घातले. रस्त्यावरील सामान्य स्वारापर्यंत तो टोप पोंचावयास मात्र पुढें कित्येक वर्षें लागलीं.

त्या मधल्या काळांत एका प्रसिद्ध पुरुषाचा बळी पडला. अरबस्तानांतील मोहिमांमुळें जगास ठाऊक झालेला टी. ई. लॉरेन्स हा १३ मे १९३५ रोजीं मोटारसायकलवरून जात असतां सायकलवरील दोन मुलांस वांचविण्याच्या धडपडींत रस्त्यावर फेंकला गेला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां लष्कराचे निरोप पोंचविणारे मोटारसायकलस्वार रस्त्यांवर मोठ्या संख्येनें मरूं लागले. केर्न्सनें १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसणारे मृत्यु पावल्याचें नमूद आहे. टोप घातलेल्यांचीं जीं मोजकीं उदाहरणें त्याच्या पाहण्यांत आलीं, त्यांतील एकहि दगावला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांस टोप सक्तीचा केला. ब्रिटनमधील सामान्य नागरिकांस तो सक्तीचा झाला १९७३ सालीं, म्हणजे आणखी बत्तीस वर्षांनीं.

या हकीकतींतील मर्म आम्हांस असें वाटतें कीं, टोप प्रथम आला तो जेथें नुकसान मोजणारा कोणी होता तेथें. शर्यतीच्या चालकांस आपली शर्यत बंद पडण्याची भीति होती. लष्करास शिकवून तयार केलेला शिपाई गमवावयाचा नव्हता. दोन्हीकडे स्वार हा बारगीर होता. रस्त्यावरचा नागरिक शिलेदार होता. त्याचें डोकें त्याचें त्याच्यापाशीं, म्हणून तें मोजण्यास कोणीच पुढें आलें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या मध्यम वर्गानें दुचाकी यंत्र स्वीकारलें तें मोटारसायकलच्या रूपानें नव्हे, स्कूटरच्या रूपानें. आणि स्कूटरच्या जन्मांतच एक गोष्ट अशी होती कीं जिनें पुढचा सारा इतिहास ठरविला. १९४६ सालीं इटलींत पियाज्जो कंपनीनें व्हेस्पा काढली. तिचा रचनाकार कोराडीनो दास्कानियो हा विमानविद्येंतील अभियंता असून त्यास मोटारसायकलचा तिटकाराच होता. तिचें तेल कपड्यांस लागतें, तिच्यावर टांग टाकून बसावें लागतें, तिचा चिखल अंगावर उडतो, हे त्याचे आक्षेप. म्हणून त्यानें यंत्र पत्र्याखालीं झांकलें, पाय ठेवण्यास सपाट फळी केली आणि पुढें पायांसमोर रुंद पत्रा उभा केला. या पत्र्यास पायांची ढाल असें नांव पडलें. पण ती ढाल चिखलावरची होती, टकरीवरची नव्हती. स्कूटरचें सारें आकर्षणच असें कीं, तिच्यासाठीं वेगळा पोषाख करावा लागूं नये. ज्या कपड्यांत घराबाहेर पडावयाचें त्याच कपड्यांत तिच्यावर बसावें.

आपल्या समाजास याहून सोयीचें दुसरें काय असणार! मुंबईजवळ भांडुप येथें ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनें लँब्रेटा बांधण्यास आरंभ केला; पुण्याजवळ आकुर्डीस बजाजच्या कारखान्यांत पियाज्जोच्या परवान्यानें व्हेस्पा तयार होऊं लागल्या, आणि तो करार संपल्यावर १९७२ सालीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी चेतक आली. त्याच वर्षीं फिरोदियांची लूना निघाली. परवानापद्धतीच्या त्या दिवसांत स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून थांबावें लागे. ती घरीं आली म्हणजे तिला हार घालीत, तिच्या चाकाखालीं लिंबू ठेवीत. पुढें उभें मूल, मध्यें वडील, मागें एका अंगास पाय सोडून बसलेली आई व तिच्या मांडीवर धाकटें, असा सारा संसार त्या दोन चाकांवर फिरूं लागला. वडिलांच्या पायांत कचेरीचे बूट असले तर असले. रविवारीं कोल्हापुरी किंवा रबरी चपला. आईच्या पायांत चपला, मुलांच्या पायांतहि चपला, किंवा कांहींच नाहीं. नांव घोड्याचें, पण स्वाराचा साज मात्र ओट्यावर बसणाराचा, अशी ती स्थिति होती. आज स्कूटरींचीं रूपें बदललीं, मोटारसायकलींची संख्या त्यांच्या कितीतरी पुढें गेली. परंतु घरांतून निघतांना पायांत जें असेल तें घालून स्वार होण्याची ती रीत बदललेली नाहीं.

या रीतीच्या खुणा आपल्या अंगावर आहेत. ज्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका उमटला नाहीं अशी पोटरी दुचाकी असलेल्या घरांत क्वचितच सांपडेल. तो डाग आपण देवीच्या डागाप्रमाणें बालपणाचें चिन्ह समजून सोडून देतों. मुलाची टांच मागच्या चाकाच्या आऱ्यांत सांपडून सोलवटणें, ओढणी किंवा पदर चाकांत गुंतणें, किक मारतांना तिचा उलटा फटका नडगीस बसणें, सिग्नलपाशीं पाय टेंकतांना ओली चप्पल सरकून घोटा मुरगळणें, या गोष्टी घरोघर घडतात. आणि घरगुती असल्यामुळेंच त्यांची नोंद कोठें होत नाहीं. कायद्यानें यांपैकीं एकीची दखल घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणें मोटारसायकलीस मागें बसणाऱ्यासाठीं हातानें धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें आच्छादन असावें लागतें. हेतु असा कीं बसणाराचीं वस्त्रें चाकांत गुंतूं नयेत. लोक त्यास साडी गार्ड म्हणतात. हा नियम खास आपल्या देशाच्या राहणीस धरून झाला आहे आणि त्याची उपयुक्तता मोठी आहे. तरी त्यांत एक चमत्कार दिसतो तो असा कीं, कायद्यानें काळजी वाहिली ती वस्त्राची. त्या वस्त्राखालच्या पायाचें रक्षण झालें तें केवळ अनुषंगानें.

डोक्याची कथा निराळी. मोटार वाहनांच्या १९३९ च्या कायद्यांत १९७७ च्या दुरुस्तीनें शिरस्त्राणाचें कलम घातलें गेलें. आंध्र प्रदेशांतील तशा नियमाविरुद्ध एक नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हेल्मेटची सक्ती म्हणजे संचारस्वातंत्र्यावर घाला, असा त्याचा मुद्दा होता. १९८८ सालीं न्यायालयानें तो फेटाळला. त्याच वर्षीं नवा मोटार वाहन कायदा होऊन १ जुलै १९८९ पासून अमलांत आला आणि त्याच्या १२९ व्या कलमांत शिरस्त्राणाची सक्ती, पगडी बांधणाऱ्या शिखांस सूट देऊन, कायम झाली. २०१९ च्या दुरुस्तीनें चार वर्षांवरील प्रत्येक बसणारास ती लागू केली, दंड एक हजार रुपये केला आणि परवाना तीन महिने रोखण्याची तरतूद केली. १ जून २०२१ पासून भारतीय मानकाची खूण नसलेलें दुचाकीस्वाराचें हेल्मेट बनविणें व विकणें यांसहि बंदी झाली.

महाराष्ट्रांत या सक्तीस विरोध झाला आणि तो सर्वांत मोठ्या आवाजांत झाला पुण्यांत. १ जानेवारी २०१९ पासून तेथील पोलिसांनीं कारवाई कडक केली, तेव्हां विरोधासाठीं कृतिसमिति उभी राहिली. हेल्मेटनें मान दुखते, ऐकूं येत नाहीं, शहरांत वेग तो किती, असे आक्षेप त्या वेळीं पुष्कळांनीं घेतले. या आक्षेपांची आम्ही थट्टा करूं इच्छीत नाहीं. अंगावर वागवावयाची कोणतीहि नवी वस्तु प्रथम जड वाटतेच. परंतु आंकडे काय सांगतात तें पाहिलें पाहिजे. जगांतील अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत हेल्मेटमुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं, आणि हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९. हेल्मेटच्या आंत जो थर्मोकोलासारखा थर असतो तो आघाताच्या क्षणीं दबतो आणि डोकें थांबण्यास मिळणारा काळ वाढवितो. तेवढ्यानें मेंदूवरील धक्का सौम्य होतो. म्हणून हनुवटीखालीं पट्टा न बांधलेलें, किंवा एकदां जोरानें आदळलेलें हेल्मेट हें शोभेच्या पगडीहून फारसें निराळें नाहीं.

इतका खटाटोप डोक्यासाठीं झाला तो योग्यच झाला. डोक्याची जखम मारते. पायाची जखम बहुधा मारीत नाहीं, आणि म्हणूनच ती मागें पडली. मृत्यूचा आंकडा छापून येतो, लंगडण्याचा येत नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत नवे दंड लागू झाल्यावर चपला घालून गाडी चालविल्यास दंड होतो, अशी आवई देशभर उठली. तेव्हां वाहतूक खात्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयास, चपला, लुंगी किंवा अर्ध्या बाह्यांचा सदरा यांसाठीं कोणताहि दंड नाहीं, असा खुलासा करावा लागला. खुलासा खरा होता आणि लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु जें दंडनीय नाहीं तें निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ पुष्कळांनीं मनांत करून घेतला असावा, असें रस्त्याकडे पाहतां वाटतें.

पायाचें काय होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे. दुचाकी कलंडते तेव्हां तिचें सारें वजन ज्या बाजूस पडतें त्या बाजूचा पाय यंत्र आणि डांबर यांच्या मध्यें सांपडतो. घोटा, चवडा आणि बोटें हीं प्रथम चिरडतात किंवा घासली जातात. चप्पल पहिल्याच हिसक्यास निघून जाते. मग उघडें कातडें रस्त्यावर घासत जातें. याविषयीं ऑस्ट्रेलियांत एक नमुनेदार पाहणी झाली आहे. तेथील राजधानीच्या प्रदेशांत अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांची तपासणी करून २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संरक्षक पट्ट्या बसविलेले खास बूट घालणारांत पायाच्या व घोट्याच्या दुखापतीचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला; आणि आमच्या वाचकांस अधिक उपयोगाची गोष्ट अशी कीं, मोटारसायकलीसाठीं न केलेले साधे उंच बूट घालणारांतहि, नेहमींच्या जोड्यांच्या तुलनेनें, तो निम्म्याहून कमी आढळला. त्याच पाहणीनें हेंहि सांगितलें कीं, हाड मोडण्याच्या बाबतींत या साजाचा फायदा दिसून आला नाहीं, आणि बाजारांतील खास हातमोजे, जाकिटें व विजारी यांपैकीं चतुर्थांशाहून अधिक प्रत्यक्ष अपघातांत फाटल्या. म्हणजे साज हें कांहीं कवचकुंडल नव्हे. पण कातडें वांचणें, घोटा वांचणें, जखमेंत रस्त्याची घाण न जाणें, हा लाभहि लहान नाहीं. ज्याचें पोट पायांवर उभें राहून भरतें त्यास तर तो फारच मोठा आहे.

असा पायांवर उभा राहणारा मनुष्य ज्या ठिकाणीं हजारोंनीं येतो, अशा एका गांवाचें उदाहरण घेऊं. ठाणें-बेलापूर रस्त्यावर कोपरखैरणें व तुर्भें यांच्या मध्यें पावणें नांवाचें गांव आहे. ठाण्याच्या खाडीपलीकडील हीं गांवें मूळचीं आगरी-कोळ्यांचीं. भातशेती, मासेमारी आणि मीठ हा त्यांचा उदीम. खाजणांत व मिठागरांत काम अनवाणी पायांनींच व्हावयाचें. तेथें चिखल हेंच पायताण. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि त्याच दशकांत या पट्ट्यांत कारखान्यांची वसाहत उभी राहूं लागली. १९७० सालीं सिडको आली, १९७३ मध्यें वाशीचा पूल झाला, १ जानेवारी १९९२ रोजीं नवी मुंबईची महानगरपालिका झाली. रसायनें, औषधें, यंत्रांचे भाग, मालाचीं गोदामें यांनीं पावण्याची औद्योगिक वसाहत भरून गेली. आणि पाळीच्या वेळीं तिच्या रस्त्यांवर मालमोटारींच्या रांगांमधून वाट काढणाऱ्या दुचाकींची रीघ लागूं लागली.

या वसाहतींत नियम पाळणाऱ्या कोणत्याहि कारखान्याच्या फाटकाशीं उभें राहिल्यास आमचा मुद्दा डोळ्यांस दिसेल. चपला घालून दुचाकीवर आलेला कामगार आंत शिरतो आणि कामावर जाण्यापूर्वीं सेफ्टी शूज चढवितो. त्या बुटाच्या टोंकाशीं पोलादी किंवा तशाच कठीण पदार्थाची वाटी असते. दोनशें जूलचा आघात, म्हणजे स्थूलमानानें वीस किलोंचें वजन एक मीटरवरून पडल्याचा मार, तिनें सोसावा असें तिचें मानक आहे. आंत यंत्रापाशीं त्या पायावर कांहीं पडेल या शंकेनें एवढी तजवीज; आणि पाळी सुटल्यावर तोच पाय चपलेंत शिरून मालमोटारींच्या चाकांशेजारून घरीं जाणार! फाटकाच्या आंत तो बारगीर, बाहेर पडतांच शिलेदार.

हा फरक कसा घडला याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो. १८७५ सालीं मुंबई सरकारनें गिरण्यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. १८८१ सालीं पहिला कारखाना कायदा झाला आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्याची गोष्ट त्यांत प्रथम आली. १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची बाजू संघटितपणें मांडण्यास आरंभ केला. १९२३ सालीं कामगारांच्या भरपाईचा कायदा झाला. आणि येथून मालकास कामगाराच्या हातापायांची किंमत रुपयांत मोजावी लागूं लागली. १९४८ चा कारखाना कायदा, आणि १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर त्यांत १९८७ सालीं झालेली कडक दुरुस्ती, यांनीं सुरक्षिततेची जबाबदारी कारखान्याच्या चालकावर स्पष्टपणें टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनें घेतली असली तरी हें तत्त्व कायम आहे. बूट आला तो या सगळ्या मार्गानें आला. कोणाच्या दयेनें आला नाहीं.

परंतु ही जबाबदारी फाटकाशीं येऊन थांबे. १९७१ सालीं एक कामगार सायकलवरून साडेचारच्या पाळीस निघाला असतां सव्वाचारच्या सुमारास, कारखान्यापासून एक किलोमीटरवर, मालमोटारीच्या धक्क्यानें जखमी झाला. कामगार विमा योजनेखालीं त्यास लाभ मिळावा कीं नाहीं, हा वाद पंचवीस वर्षें चालला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हा अपघात नोकरीच्या कामांतून उद्भवलेला नाहीं. कायद्याच्या अक्षराप्रमाणें तो निर्णय झाला. पण फाटक म्हणजे काय तें त्यानें जितकें स्पष्ट केलें तितकें दुसऱ्या कशानेंहि केलें नसेल. अखेर २०१० सालीं विमा कायद्यांत दुरुस्ती होऊन, घरून कामावर जातांना किंवा परततांना झालेला अपघात, नोकरीशीं त्याचा वेळेचा व स्थळाचा संबंध दिसल्यास, कामावरचाच समजावा असें ठरलें. याचा पुढचा टप्पा आपल्याच मराठवाड्यांतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, या जिल्ह्यांत साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ च्या एप्रिलांत पहांटे तीनच्या पाळीस मोटारसायकलवरून जात असतां वाटेंत अपघातांत मरण पावला. त्याच्या कुटुंबास दिलेली भरपाई उच्च न्यायालयांत रद्द झाली होती. २०२५ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हां बहाल केली, आणि २०१० चें तत्त्व भरपाईच्या कायद्यासहि, आणि तेंहि त्यापूर्वींच्या अपघातांस, लावलें. त्या विधवेस न्याय मिळण्यास बावीस वर्षें लागलीं.

या प्रवासाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: भरपाई फाटकाबाहेर आली, बूट मात्र आंतच राहिला. मेल्यानंतर किंवा पंगु झाल्यानंतर मोजावयाचे पैसे रस्त्यापर्यंत पोंचण्यास १९२३ पासून शंभर वर्षें लागलीं. जखम होण्यापूर्वीं घालावयाचें पायताण कायद्याच्या द्वारें रस्त्यावर यावें म्हणून आणखी शंभर वर्षें थांबावें, असें कोणीहि म्हणणार नाहीं. शिवाय चपलेसाठीं दंड करणारा कायदा व्हावा असेंहि आमचें म्हणणें नाहीं. ज्या देशांत कित्येकांस एकच चपलांचा जोड वर्षभर पुरवावा लागतो, तेथें असा दंड म्हणजे गरिबाच्या पायांतील कांटा काढण्याऐवजीं त्यास आणखी एक कांटा टोंचणें होय. परंतु ज्या कारखान्यानें कामगारास बूट दिलाच आहे, त्यानें तो घरापासून घालून येण्यास उत्तेजन द्यावें, घरीं नेण्यास मनाई असल्यास ती शक्य तेथें उठवावी, आणि रसायनाच्या संपर्कामुळें आंतला बूट आंतच ठेवणें आवश्यक असेल तेथें येण्याजाण्यासाठीं दुसरा जोड द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं. वाटेवरचा अपघात जर आतां त्याच्या हिशोबांत येतोच आहे, तर तो टाळण्यांत त्याचेंहि हित आहे.

आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचें काय? त्यांच्यापाशीं फाटकहि नाहीं आणि चालकहि नाहीं. तेथें घरचा कर्ता हाच शिलेदार आणि तोच सरकार. हेल्मेट खरेदी करतांना दंडाचें भय मनांत असतें. बुटाच्या बाबतींत तेंहि नाहीं, म्हणून येथें केवळ विवेकानेंच काम व्हावयाचें. विवेक मागतो तें थोडें आहे. घोटा झांकणारा, टांचेशीं घट्ट बसणारा, तळ न घसरणारा बूट. त्याच्या नाड्या आंत खोंचलेल्या, नाहींतर त्या गिअरच्या दांड्यांत अडकतात. हातांत मोजे, कारण पडणारा मनुष्य प्रथम तळहातच टेंकतो. जाड कापडाची विजार व पूर्ण बाह्या. उकाड्याची अडचण खरी आहे, पावसाळ्याचीहि खरी आहे. पण पावसाळ्यांतच ब्रेकवरचा पाय अधिक घसरतो. कोल्हापुरी चपलेस आमचा विरोध नाहीं. ती आपल्या कारागिरीचें भूषण आहे. ती पिशवींत घालून न्यावी व इच्छित स्थळीं पोंचल्यावर घालावी. मागें बसणाऱ्या गृहिणीचा पाय आणि पुढें उभ्या राहणाऱ्या मुलाचें पाऊल चालविणाराच्या पायाहून कमी मोलाचें नाहीं, हेंहि सांगणें प्राप्त आहे. कारण बूट घेतले गेले तरी ते बहुधा प्रथम कर्त्या पुरुषाच्याच पायांत जातात. २०२३ च्या फेब्रुवारीपासून नऊ महिने ते चार वर्षें वयाच्या मुलांस हेल्मेट व चालविणाराशीं बांधून ठेवणारा पट्टा कायद्यानें सांगितला आहे. त्या मुलाच्या पायांत काय असावें तें मात्र आईबापांवरच सोपविलें आहे.

पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, या म्हणींत एक निष्ठुर हिशोब आहे: मागच्याच्या शहाणपणासाठीं पुढच्याचा पाय खर्ची पडला पाहिजे. शर्यतींत, युद्धांत, गिरण्यांत आणि रस्त्यांवर असे पुष्कळ पाय खर्ची पडून चुकले आहेत. मागून येणाऱ्या आपणांस आणखी पुराव्याची गरज राहिलेली नाहीं.